हायसिंथ दरवर्षी फुलवायचा तर त्याचा उन्हाळा सांभाळा

हायसिंथ या सुगंधी फुलझाडाचे नवे कंद पहिल्या वर्षी सहसा दगा देत नाहीत. दांडा जाडजूड येतो, फुले एकमेकांना चिकटून गच्च बसतात आणि वास वाफ्यापर्यंत न जाताही कळतो. तक्रार सुरू होते दुसऱ्या वर्षी. दांडा बारीक होतो, फुले विरळ पडतात आणि तिसऱ्या वर्षी नुसती पाती उगवतात. मग ‘हे कंद एकाच हंगामाचे’ असे ठरवून ते उपटून टाकले जातात.

पहिल्या वर्षीच्या त्या भरगच्च फुलात आपला वाटा फार थोडा असतो. पाती वाळून गेल्यावर, उन्हाळ्यात कोरडा पडलेला असताना, कंदाच्या पोटात पुढच्या हंगामाचा तुरा तयार होतो. त्यासाठी २५ अंश सेल्सिअसच्या आसपासची ऊब त्याला मानवते. विकत आणलेल्या कंदात हे काम आधीच झालेले असते. आपण फक्त ते जमिनीत ठेवतो. दुसऱ्या वर्षापासूनचा तुरा मात्र आपल्या वाफ्यात घडायचा असतो.

या झाडाचे मूळ ठिकाण म्हणजे दक्षिण तुर्कस्तान, सीरिया आणि लेबनॉनकडचे डोंगरउतार. तिथे हिवाळा ओला आणि थंड, उन्हाळा कडक आणि कोरडा. नेदरलँड्सच्या उत्पादकांनी त्यातून आजच्या गच्च तुऱ्याच्या जाती घडवल्या, त्या पाण्याचा झटकन निचरा होणाऱ्या वालुकामय जमिनीत. आपली जमीन आणि आपले पाणी त्या डोंगरउतारांपासून आणि या वालुकामय जमिनीपासून किती लांब आहे, हे एकदा पाहून घ्यावे.

पहिले काम लागवडीचे. उत्तर गोलार्धात सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर, दक्षिण गोलार्धात मार्चअखेर ते मे हा काळ योग्य. तारखेपेक्षा जमिनीचे तापमान पाहावे. ते १५ अंशांच्या खाली उतरले की लावायला हरकत नाही. गरम आणि ओल्या मातीत घाईने लावलेला कंद मुळे धरण्याआधीच सडू शकतो.

कंद घेताना दाबून पाहावा. टणक आणि हाताला वजनदार लागला पाहिजे. बूड मऊ असेल, आंबूस वास येत असेल किंवा निळसर बुरशी आत शिरलेली असेल तर तो ठेवू नये. कंदाचा आकार घेरावर मोजतात. बागेसाठी १५ ते १६ सेंटिमीटर घेराचे कंद पुरेत. १८-१९ सेंटिमीटरचे मोठे कंद कुंडीत शोभतात, पण उघड्या वाफ्यात त्यांचा जड दांडा वाऱ्यापावसाने आडवा होतो. मोठा तेवढा चांगला, हा हिशेब इथे चालत नाही. हाताळताना हातमोजे घालावेत, कारण सालीतल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म स्फटिकांनी हाताला खाज सुटते. कंद पोटात गेल्यास विषारी असतो, त्यामुळे मुले, कुत्री आणि मांजरे यांच्यापासून दूर ठेवावा.

दिवसाचे निदान सहा तास ऊन मिळेल अशी जागा निवडावी. भारी, चिकण माती असेल तर गादीवाफा उंच करावा आणि त्यात भरड वाळू किंवा बारीक खडी व पूर्ण कुजलेले कंपोस्ट मिसळावे. ताजे शेणखत अजिबात नको. त्याने सड वाढते. कंदाच्या माथ्यावर १० ते १५ सेंटिमीटर माती येईल इतके खोल लावावे, हलक्या जमिनीत थोडे जास्तच. दोन कंदांत १० ते १५ सेंटिमीटर अंतर ठेवावे. बूड खाली, टोक वर. लावल्यावर एकदा चांगले पाणी द्यावे, म्हणजे मुळे सुटतात. पुढे हिवाळी पाऊस पडत असेल तर वेगळे पाणी लागत नाही. कोरडा हिवाळा असेल तर माती ओलसर राहील इतपतच द्यावे.

नंतर थंडी आपले काम करते. फुलदांडा नीट वर निघायला कंदाला १० ते १४ आठवडे साधारण ४ ते ९ अंशांचा गारवा लागतो. तो कमी पडला तर फुले पानांच्या बेचक्यातच, जमिनीलगत उमलतात. जमीन कडक गोठत असेल तर वाळलेल्या पाल्याचे आच्छादन घालावे आणि कोंब दिसू लागताच ते बाजूला करावे.

कोंब वर आले की एक हलके खत द्यावे. त्यात नत्र कमी आणि पालाश जास्त असावे. नत्राने पाती हिरवीगार, लुसलुशीत होतात, पण कंद ढिला राहतो आणि रोगाला लवकर बळी पडतो.

फुले सुकली की खरा हंगाम सुरू होतो, आणि नेमके तेव्हाच बहुतेकांचे लक्ष उडते. सुकलेली फुले दांड्यावरून खुडावीत, म्हणजे बी धरण्यात ताकद जात नाही. हिरवा दांडा तसाच ठेवावा. तोही अन्न बनवतो. पातींना हात लावू नये. त्या वेड्यावाकड्या लोळतात, वाफा बेंगरूळ दिसतो, म्हणून कोणी कापतात, कोणी त्यांच्या गाठी मारतात. दोन्ही सारखेच वाईट. पुढचे सहा ते आठ आठवडे याच पाती कंद भरतात. या काळात पाणी तोडू नये आणि पंधरवड्याने पालाशयुक्त पातळ खत द्यावे. दिसणे खटकत असेल तर शेजारी उशिरा वाढणारी, कमी पाण्याची हंगामी झाडे लावून पाती झाकाव्यात. पाती पिवळ्या पडून हलक्या ओढीने हातात आल्या की खत आणि पाणी पूर्ण बंद.

आता उन्हाळा. वाफा कोरडा राहत असेल तर कंद जमिनीतच राहू द्यावेत. पण उन्हाळ्यात पाऊस पडत असेल, किंवा त्याच वाफ्याला इतर झाडांसाठी रोज पाणी जात असेल, तर कंद काढलेलेच बरे. माती झटकावी, धुऊ नये. सावलीत काही दिवस सुकवून जाळीच्या पिशवीत, हवेशीर जागी २० ते २५ अंशांत ठेवावेत. सफरचंद, केळी यांसारखी पिकणारी फळे जवळ नकोत. त्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने आतला तुरा मरतो. बंद प्लॅस्टिक पिशवी म्हणजे बुरशीला आमंत्रण.

एवढे करूनही दुसऱ्या वर्षीचा तुरा पहिल्याइतका गच्च येत नाही, हे आधीच धरून चालावे. मला स्वतःला तो सैल तुराच आवडतो. वास तोच राहतो आणि दांडा काठीशिवाय उभा राहतो. वर्षानुवर्षे टिकण्याला महत्त्व असेल तर रोमन हायसिंथ किंवा एका कंदातून अनेक दांडे देणारे प्रकार निवडावेत. घरात काचपात्रात लवकर फुलवलेले कंद थकलेले असतात. ते फेकू नयेत, पाती वाळल्यावर बागेत लावावेत. मात्र वर्ष-दोन वर्षे फुलाची घाई करू नये.

जिथे हिवाळाच गरम असतो, तिथे कागदी पिशवीत घालून शीतकपाटात १० ते १४ आठवडे ठेवलेले कंद एकदा छान फुलतात. तिथे बाहेरच्या वाफ्यात त्याच कंदांनी दरवर्षी फुलावे ही अपेक्षा मात्र ठेवू नये.

रोगांपैकी पिवळ्या रोगाकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे. पानाच्या टोकाकडून खाली पाणथळ, मग पिवळे-तपकिरी पट्टे उतरतात आणि कंद कापला तर पिवळा चिकट द्रव दिसतो. हा जिवाणूजन्य रोग आहे. औषध शोधत बसू नये. झाड कंद आणि भोवतालच्या मातीसकट उचलून नष्ट करावे, कंपोस्टात टाकू नये, आणि हत्यार निर्जंतुक केल्याशिवाय दुसऱ्या झाडाला लावू नये. त्या जागी काही वर्षे हायसिंथ नको.

कंदांची संख्या वाढवायची असेल तर काढणीनंतर एखाद्या निरोगी कंदाच्या बुडावर धारदार, स्वच्छ सुरीने आरपार दोन-तीन खाचा पाडाव्यात आणि बूड वर करून तो कोरड्या वाळूवर उबदार जागी ठेवावा. खाचांत बारीक कंद धरतात. शरद ऋतूत ते मूळ कंदासकट उलटेच, उथळ लावावेत. ते फुलायला तीन-चार वर्षे लागतात, म्हणून दर उन्हाळ्यात एक-दोन कंद असे राखून ठेवले की जुने थकेपर्यंत नवे तयार असतात.