वॉसॅचच्या पायथ्याशी पहिला हिवाळा

अमेरिकेतल्या युटा राज्यात सॉल्ट लेक सिटी, सँडी किंवा पार्क सिटी या भागांत नोकरीनिमित्त बिऱ्हाड करणाऱ्या मराठी कुटुंबांचा पहिला प्रश्न बहुधा 'थंडी किती असते?' हाच असतो. प्रश्न रास्त आहे. पण इथल्या वॉसॅच डोंगररांगेची खरी ओळख थंडीपेक्षा इथे पडणाऱ्या बर्फाच्या जातीत आहे, आणि घराच्या खिडकीतून दिसणाऱ्या त्या डोंगरावर स्कीइंगला जायचे कसे, हे पहिल्याच वर्षी ठरवले नाही तर पुढची अनेक वर्षे हीटरशेजारी बसून मार्चची वाट पाहण्यात जातात.

प्रशांत महासागरावरून निघालेली वादळे आधी सिएरा नेवाडा पर्वतरांगेवर आपले बरेचसे पाणी रिते करतात, मग नेवाडाचा कोरडा प्रदेश ओलांडतात आणि शेवटी वॉसॅचच्या उभ्या कड्यांना अडून वर चढतात. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पावसाळी ढगांचे जे होते तेच इथे बर्फाच्या रूपात होते. या हवेतून पडणाऱ्या ताज्या बर्फात आकारमानाने सरासरी आठ-साडेआठ टक्केच पाणी असते, म्हणून तो मुठीत दाबून गोळा करू गेले तरी सुटून जातो. याचे सारे श्रेय ग्रेट सॉल्ट लेकला देण्याची इथे पद्धत आहे, पण ते वाजवीपेक्षा जास्त आहे. मोठा वाटा डोंगरांचा आणि थंड वायव्य वाऱ्याचा. लिटल कॉटनवुड कॅनियन या दरीतल्या आल्टा या स्की-केंद्रात वर्षाला सरासरी 500 इंचांहून अधिक बर्फ पडतो आणि 2022-23 च्या हंगामात तिथे 903 इंच, म्हणजे जवळपास 23 मीटर, पडला.

जानेवारीत मात्र एक गोष्ट नव्या माणसाला हमखास खट्टू करते. खोऱ्यातली गार हवा वरच्या उबदार थराखाली कोंडली जाते, धूर आणि धूळ त्यातच साचते, आणि शहर दिवसच्या दिवस करड्या धुरकटात बुडून राहते. अशा दिवशी घाटाने वर गेल्यास काही मिनिटांत आपण त्या थराच्या वर, लख्ख उन्हात येतो. ज्यांच्या घरी दम्याचे रुग्ण आहेत त्यांनी तर हे विशेष लक्षात ठेवावे.

खर्चाच्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे: पहिल्या वर्षी स्की, म्हणजे बुटांना जोडून बर्फावरून घसरायच्या लांब पट्ट्या, विकत घेऊ नयेत, हंगामभरासाठी भाड्याने घ्याव्यात, आणि वाचलेला पैसा बुटांवर व शिकवणीवर घालावा. बूट घालून ताठ उभे राहिल्यावर पायाची बोटे पुढच्या बाजूला निसटती टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवताच किंचित मागे सरली पाहिजेत. दुकानात सैल वाटणारा बूट डोंगरावर पाय सोलतो. आत मोजा एकच आणि पातळ. थंडीच्या धास्तीने दोन जोड चढवले की रक्तप्रवाह आवळला जाऊन पाय उलट जास्त गारठतात. अंगालगत सुती बनियन नको, कारण घामाने भिजलेले सूत वाळत नाही. लोकर किंवा कृत्रिम धाग्याचा पातळ थर घालावा. उंचीवरचे ऊन बर्फावरून परतून येते, म्हणून सनस्क्रीन हनुवटीखालीसुद्धा लावावे.

सुरुवातीचे दिवस रात्री यंत्राने दाबून सपाट केलेल्या उतारांवरच काढावेत. पाट्यांवर हिरवे वर्तुळ सोप्या उताराचे, निळा चौकोन मध्यम आणि काळा हिरा कठीण उताराचा; पण ही वर्गवारी त्या-त्या डोंगरापुरती असते, त्यामुळे एका ठिकाणचा निळा दुसऱ्या ठिकाणी काळ्यासारखा वाटू शकतो. स्नोबोर्ड, म्हणजे दोन्ही पाय एकाच फळीला बांधून घसरणे, शिकायचा विचार असेल तर आल्टा आणि डियर व्हॅली या दोन्ही ठिकाणी त्याला परवानगी नाही, हे शिकवणीचे पैसे भरण्याआधी माहीत असलेले बरे.

निळ्या उतारांवर पाय स्थिरावले की पावडरकडे, म्हणजे न दाबलेल्या ताज्या, खोल बर्फाकडे, वळावे. सपाट बर्फावर वळताना बाहेरच्या स्कीवर भार देण्याची सवय लागलेली असते. पावडरमध्ये तसे केले की भार पडलेली स्की खोल जाते आणि दुसरी तरंगत राहते. म्हणून दोन्ही पाय जवळ ठेवून भार सारखा वाटावा आणि लयीत, गोलसर वळणे घ्यावीत. मागे रेलून बसण्याचा मोह टाळावा, त्याने मांड्या भरून येतात आणि स्की वळेनाशा होतात. वेगही थोडा लागतो, कारण खोल बर्फात हळू जाणारा माणूस रुततो. पडल्यावर हाताने रेटून उठू पाहिल्यास हात खांद्यापर्यंत आत जातो; त्यापेक्षा दोन्ही काठ्या एकमेकींवर आडव्या ठेवून त्यांच्यावर जोर द्यावा. स्की सुटून गडप झाली, तर आपण थांबलो त्या जागेच्या खाली न शोधता आधी वर शोधावे, कारण ती बहुधा पडलो तिथेच राहिलेली असते. उरलेल्या स्कीच्या शेपटाने उतारावर आडव्या रेघा ओढत गेले की ती लागते.

झाडीतली पावडर सर्वांत मोहक असते आणि तिथेच धोकाही असतो. फर या सूचिपर्णी झाडाच्या खालच्या फांद्या बर्फ अडवतात, त्यामुळे बुंध्याभोवती भुसभुशीत पोकळी राहते आणि तीत डोके खाली करून पडलेल्या माणसाला स्वतःहून क्वचितच निघता येते. झाडांत एकट्याने जाऊ नये, सोबती नजरेच्या टप्प्यात असावा, काठ्यांचे पट्टे मनगटातून काढावेत आणि शिट्टी गळ्यात असावी. उतारांवरची सुरक्षा पाहणाऱ्या स्की पेट्रोल पथकाने बांधलेल्या दोरीपलीकडे तर पहिल्या काही वर्षांत जाऊच नये. युटा अॅव्हलांच सेंटर हिवाळ्यात रोज सकाळी हिमस्खलनाचा अंदाज देते. त्यात आठ दिशा आणि उंचीचे तीन पट्टे यांनुसार धोक्याच्या पाच पायऱ्या रंगांनी दाखवलेल्या असतात. आपण दोरीच्या आतच राहणार असलो तरी तो वाचण्याची सवय लावावी, कारण घाटरस्ता बंद होईल का याचाही अदमास त्यातून येतो.

रस्त्याचे नियोजन आदल्या रात्रीच करावे. लिटल कॉटनवुडचा रस्ता, म्हणजे राज्यमार्ग 210, अनेक हिमस्खलन-मार्गांखालून जातो आणि मोठ्या वादळात तो कित्येक तास बंद ठेवून वरचे कच्चे बर्फ पाडले जाते. कधी कधी वरच्या हॉटेलांत 'इंटरलॉज' जाहीर होते, म्हणजे इमारतीबाहेर पाऊल टाकण्यासही कायद्याने मनाई असते. टायरांचा नियम लागू असताना योग्य टायर किंवा साखळ्या नसलेली गाडी पायथ्याशीच परतवली जाते; डोंगर आणि त्यात हिमकण असे चिन्ह असलेले टायर घेतल्यास हा घोर राहत नाही. वाहनतळाचे आरक्षण लागणार असेल तर तेही रात्रीच पाहावे, नाहीतर सरळ यूटीए या सार्वजनिक वाहतूक संस्थेची स्की बस धरावी.

निघण्यापूर्वी घरचे एक काम कधीही चुकवू नये: बर्फाचा ढीग साचून घर तापवणाऱ्या भट्टीचा धूर बाहेर सोडणारी नळी बुजलेली नाही ना, हे पाहावे, कारण ती बुजल्यास घरात कार्बन मोनॉक्साइड साचू शकतो. समोरच्या पदपथावरचा बर्फ काढणेही घरमालकाकडेच असते. सॉल्ट लेक सिटीत बर्फ थांबल्यापासून 24 तासांची मुदत आहे. आणि आमटीचे सांगायचे तर पार्क सिटीच्या उंचीवर पाणी साधारण 93 अंशांना उकळते, तेव्हा भारतातून आणलेला कुकर माळ्यावर न टाकता हाताशीच ठेवावा.

एपिक आणि आयकॉन हे हंगामी पास वसंतात विक्रीस येतात आणि तेव्हाच सर्वांत स्वस्त असतात; एपिकवर पार्क सिटी माउंटन चालते, तर आयकॉनवर आल्टा, स्नोबर्ड, ब्रायटन, सॉलिट्यूड आणि डियर व्हॅली. शाळकरी मुलांसाठी स्की युटा या संघटनेचा सवलतीचा पासपोर्ट असतो, त्याची चौकशी शाळा सुरू होताच करावी, म्हणजे नोव्हेंबरात उतारांवर वर नेणाऱ्या लिफ्ट चालू होताना मुलांचे बूट तेवढे बदलून घ्यायचे उरते.