जर्मन संस्थानिक वहीत कसे बसवायचे

जर्मन धर्मयुद्धांवर पहिल्यांदा वाचायला बसलो तेव्हा मी दोन रंगीत पेन्सिली घेतल्या होत्या. कॅथलिक तांबडे, प्रोटेस्टंट निळे. सॅक्सनीच्या मॉरित्झने तिसऱ्याच पानावर माझे बारा वाजवले. गडी ल्यूथरपंथी, म्हणजे प्रोटेस्टंट, आणि १५४६ साली लढतोय पवित्र रोमन साम्राज्याचा कॅथलिक सम्राट पाचव्या चार्ल्सच्या बाजूने!

तेव्हा रंग विसरा. प्रत्येक संस्थानिकाला एक पान द्या आणि त्यावर तीन रकाने आखा: पंथ, बाजू, काय मिळालं. बाजू पेन्सिलीनेच लिहा आणि शेजारी साल टाका.

पानाच्या डोक्यावर आधी हे नोंदवा: हा इलेक्टर, म्हणजे सम्राट निवडणारा, आहे का? सम्राट निवडायची मतं सातच, १३५६ पासून ठरलेली. माइन्झ, ट्रिअर आणि कोलोनचे आर्चबिशप कॅथलिक. सॅक्सनी, ब्रांडेनबुर्ग आणि पॅलटिनेट प्रोटेस्टंट झालेले. उरलं बोहेमिया, ते सम्राटाच्याच हॅब्सबुर्ग घराण्याकडे. तीन, तीन आणि एक! १६१९ मध्ये पॅलटिनेटच्या पाचव्या फ्रेडरिकने बोहेमियाचा मुकुट घेतला तेव्हा सम्राटाच्या पोटात गोळा का आला, ते या बेरजेत दिसतं. वर्षभरात, ८ नोव्हेंबर १६२० रोजी, प्रागजवळच्या व्हाइट माउंटनच्या लढाईत फ्रेडरिकचा खेळ आटोपला. त्याचं स्वतःचं मत १६२३ मध्ये बव्हेरियाच्या मॅक्सिमिलियनला गेलं. दोघे एकाच विटेल्सबाख घराण्याच्या दोन शाखांचे.

म्हणजे दुसरी नोंद भाऊबंदकीची. वंशवृक्ष काढायचा कंटाळा करू नका, मी केला आणि महिनाभर चाचपडलो. सॅक्सनीची वाटणी १४८५ मध्ये दोन भावांत झाली आणि मत थोरल्या पातीकडे राहिलं. मॉरित्झ धाकट्या पातीचा. २४ एप्रिल १५४७ रोजी म्यूलबर्गच्या लढाईत थोरल्या पातीचा योहान फ्रेडरिक सम्राटाच्या हाती सापडला आणि मत मॉरित्झच्या पदरात पडलं. धर्मबांधवांनी मॉरित्झला ‘माइसेनचा जुडास’ म्हटलं; जुडास म्हणजे येशूला दगा देणारा शिष्य. पण त्याचा सासरा, हेसेचा फिलिप, मॉरित्झच्या भरवशावर शरण आला होता आणि चार्ल्सने त्याला कैदेत टाकलं. १५५२ मध्ये मॉरित्झ फ्रान्सच्या राजाशी करार करून उलटला. संधिवाताने जखडलेल्या चार्ल्सला इन्सब्रुक सोडून आल्प्सपार पळावं लागलं. हा माणूस मला आवडत नाही, पण त्याचं पान सगळ्यात जास्त वेळा उघडतो.

पंथाच्या रकान्यात नुसतं ‘प्रोटेस्टंट’ लिहू नका. १५५५ च्या आउग्सबुर्ग तहाने आपल्या मुलखाचा पंथ ठरवायचा हक्क राज्यकर्त्याला दिला खरा, पण निवड दोनांतच: कॅथलिक किंवा ल्यूथर. कॅल्व्हिनपंथी, म्हणजे प्रोटेस्टंटांचाच दुसरा पंथ, १६४८ पर्यंत त्या तहाबाहेरच. शिवाय दरबार आणि रयत वेगळी मांडा. ब्रांडेनबुर्गचा योहान सिगिस्मुंड १६१३ च्या नाताळात कॅल्व्हिनपंथी झाला, रयत मात्र ल्यूथरपंथीच राहिली. त्याच साली नॉयबुर्गच्या वोल्फगांग विल्हेल्मने मॅक्सिमिलियनच्या बहिणीशी लग्न केलं आणि तो कॅथलिक झाला. दोघांचा डोळा एकाच वारशावर होता: क्लेव्ह आणि यूलिख. तिथला ड्यूक १६०९ मध्ये निपुत्रिक वारला होता. १६१४ मध्ये क्लेव्ह ब्रांडेनबुर्गकडे आणि यूलिख नॉयबुर्गकडे गेलं. श्रद्धा खरी नव्हती असं मी म्हणत नाही, पण तिसरा रकाना रिकामा सोडू नका.

प्रोटेस्टंट युनियन (१६०८) आणि कॅथलिक लीग (१६०९) या संस्थानिकांच्या दोन आघाड्यांना एकेक ओळ पुरते. युनियन १६२१ मध्ये मोडलीच.

पद्धत नीट बसली का, हे सॅक्सनीच्या योहान गेऑर्गवर तपासा. १६२० मध्ये सम्राटासोबत, मोबदल्यात लुसाटिया प्रांत. १६३१ मध्ये ब्राइटनफेल्डच्या लढाईत सम्राटाविरुद्ध स्वीडनसोबत. १६३५ मध्ये प्रागचा तह करून परत सम्राटाकडे, लुसाटिया कायमचा खिशात. माझ्या वहीत या पानावर खोडून खोडून भोक पडलंय. पंथाच्या रकान्यात मात्र पहिल्यापासून एकच शब्द आहे: ल्यूथर.