सौर प्रकल्पांसाठी निधी आणायचं काम: नव्याने येणाऱ्यांसाठी, ठाण्याहून

या क्षेत्रात यायचंय असं सांगणारे बहुतेक जण एकतर एमएसडब्ल्यू झालेले असतात, नाहीतर इलेक्ट्रिकल डिप्लोमावाले. दोघांनाही मी आधी वीजबिलं वाचायला बसवते. मंजूर भार किती, कोणत्या महिन्यात किती युनिट जळले, जोडणी कोणाच्या नावावर. प्रपोजलची भाषा नंतर येते, आणि खरं सांगायचं तर ती फारशी कोणी वाचतही नाही. देणारा बजेटचा तक्ता उघडतो आणि विचारतो, पाच वर्षांनी हे कोण बघणार? याचं उत्तर ज्याच्याकडे असतं त्याला पैसे मिळतात.

आमची संस्था ठाण्यात आहे. कामं शहापूर-मुरबाडकडच्या आश्रमशाळांत आणि पैसा बराचसा महापे, रबाळे, तुर्भे पट्ट्यातल्या कंपन्यांचा. वाचताना तुम्हाला कम्युनिटी फाउंडेशन हा प्रकार भेटेल. एखाद्या शहरातल्या लोकांनी कायमचा निधी उभारायचा आणि त्याच्या उत्पन्नातून त्याच भागातल्या कामांना अनुदान द्यायचं. पहिलं असं फाउंडेशन १९१४ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँडला निघालं. आपल्याकडे ती जागा बहुतांशी सीएसआरने, म्हणजे कंपन्यांनी नफ्यातून करायच्या सामाजिक खर्चाने घेतली आहे. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी गाठलं तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के खर्च करावे लागतात.

फाउंडेशनचा पैसा सावकाश येतो. सीएसआरचा ३१ मार्चकडे बघत येतो. जानेवारीत फोन सुरू होतात, "मॅडम, मार्चच्या आत होईल असं काही आहे का?" कारण त्या वर्षी न खर्चलेली रक्कम कंपनीला सहा महिन्यांत पंतप्रधान मदतनिधीसारख्या, याच कायद्याच्या अनुसूची ७ मधल्या निधीत भरावी लागते. कंपनीने काम सुरुवातीलाच ‘चालू प्रकल्प’ (एका वर्षापेक्षा जास्त चालणारा) म्हणून मंजूर केलं असेल तर मात्र ती रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून पुढची तीन वर्षं वापरता येते. जानेवारीच्या फोनला हो म्हणण्याआधी हे विचारून घ्या. पॅनल आठवड्यात चढतात, पण नेट मीटर, म्हणजे घेतलेली आणि ग्रीडला दिलेली वीज दोन्ही मोजणारा मीटर, महावितरणच्या वेळेने बसतो.

कागद थोडक्यात. प्राप्तिकराच्या दोन नोंदण्या, १२ए (संस्थेला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत), आणि १ एप्रिल २०२१ पासून सीएसआरचा पैसा घेण्यासाठी लागणारी सीएसआर-१ नोंदणी. धर्मादाय आयुक्तांकडच्या शेड्यूल वनवर, म्हणजे संस्थेच्या नोंदीच्या उताऱ्यावर, आजचे विश्वस्त आहेत ना, तेही बघा. विश्वस्त बदलल्याचे बदल अहवाल वर्षानुवर्षं पडून असलेल्या संस्था कमी नाहीत. सीएसआरमधून उभी राहिलेली मालमत्ता कंपनीच्या नावावर राहू शकत नाही, त्यामुळे ती कोणाची हे करारात लिहावंच लागतं. शासकीय आश्रमशाळा असेल तर शहापूरच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाचं पत्र आधी घ्या. मुख्याध्यापकांचा तोंडी होकार त्यांच्या बदलीबरोबर जातो.

आता छतावर. एक किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते आणि दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात. म्हणजे १० किलोवॅटला १,००० चौरस फूट आणि ४० युनिट. हा वर्षाचा सरासरी आकडा आहे. शहापूरच्या जुलैत त्याची आशा धरू नका. गंमत अशी की ऊन सगळ्यात कडक मे महिन्यात आणि मे महिन्यात वसतिगृह रिकामं. नेट मीटर असेल तर ती जादा वीज ग्रीडमध्ये जाते आणि पुढच्या बिलांत वळती होते. फक्त बॅटरीवर चालणाऱ्या संचात बॅटरी भरली की उरलेली वीज वायाच जाते.

देणाऱ्यांचा सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे सोलर लावलं की लाइट जाणार नाही. साधा ग्रीडला जोडलेला इन्व्हर्टर वीज गेली की स्वतःच बंद होतो, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला शॉक बसेल. आश्रमशाळेला तर रात्रीचा अभ्यास आणि पाण्याचा पंप यासाठीच वीज हवी असते. तिथे हायब्रिड इन्व्हर्टर (ग्रीड आणि बॅटरी दोन्हींवर चालणारा) आणि छोटी बॅटरी बजेटमध्ये धरावी लागते, आणि खर्च का वाढला हे बैठकीत समजावून सांगणं तुमचंच काम.

सुरुवातीला सांगितलेल्या देणाऱ्याच्या प्रश्नातलं पाचवं वर्ष इथे येतं. पॅनलची कामगिरीची हमी २५ वर्षांची असते, पण लेड-ॲसिड बॅटरी तीन ते पाच वर्षांत संपते. ऑडिटला आलेल्या माणसाला पाचव्या वर्षी दिसते ती बॅटरीच. म्हणून देखभाल करार पाच वर्षांचा आणि खरेदीच्या किमतीतच घ्या. बॅटरी बदलायचा खर्च वेगळ्या ओळीत दाखवा. ही ओळ काढून टाका म्हणणारी कंपनी मला भेटली आहे. तिथे बॅटरीच काढून प्रकल्प लहान करावा, ओळ काढू नये, असं माझं मत.

घोडबंदरच्या सोसायट्याही सीएसआर मागायला येतात. त्यांना नम्रपणे पंतप्रधान सूर्यघर योजनेकडे पाठवा. सोसायटीच्या सामाईक वापरासाठी त्यात किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, घरटी तीन किलोवॅटच्या हिशेबाने ५०० किलोवॅटपर्यंत.

नोकरी शोधताना थेट संस्थेत येण्यापेक्षा वर्षभर सोलर बसवणाऱ्या कंपनीत काढा. पगारही बरा मिळतो. शिवाय क्वोटेशनमध्ये स्ट्रक्चरची उंची कुठे वाढवली, केबलचे मीटर कुठे फुगवले, हे डोळ्यांना कळायला लागतं. आमच्याकडे ते कळणारा माणूस मिळत नाही.