शिडीवर चढून फांदी तोडायच्या आधी

एप्रिल आला की जुळे सोलापूर म्हणा, होटगी रोड म्हणा, ज्याच्या त्याच्या दारातला कडुलिंब नाहीतर गुलमोहर गच्चीवर टेकलेला असतोय आणि वळवाच्या वाऱ्यात पत्र्यावर पडायच्या आधी छाटून घेऊ म्हणून सगळे शेजाऱ्याची शिडी मागायला निघतात. मागा की, पण त्याआधी झाडाखाली उभं राहून मान वर करून दहा मिनिटं नुसतं बघा, कारण निम्मी तयारी तिथंच होते आणि कधीकधी शिडी लागतच नाही हेही तिथंच कळतं.

पहिली बघायची ती वायर. खांबावरून घरात येणारी सर्व्हिस वायर पानांत लपलेली असते, तिच्यावर काळं कोटिंग दिसतं म्हणून निवांत राहू नका, आपल्या उन्हात ते कोटिंग तडकतं आणि आत काय उघडं पडलंय ते खालून दिसत नाही. आणि घरातला मेन स्विच पाडला की वायर मेली असं समजणारे लई लोक आहेत, तसं नसतं ओ, मीटरच्या अलीकडचा म्हणजे खांबाकडचा सगळा भाग चालूच राहतो. तुम्ही, शिडी, करवत किंवा पडणारी फांदी यातलं काहीही वायरीच्या १० फुटांच्या आत जाणार असेल तर तो विषय तिथंच सोडा आणि महावितरणच्या १९१२ वर फोन करा, पावसाळ्याआधी ते लाईनीवरच्या फांद्या तोडतातच. ॲल्युमिनियमच्या शिडीतून करंट सरळ अंगात उतरतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण ओल्या बांबूतून आणि ओल्या फांदीतूनपण उतरतो.

मग फांदी बघा. ढोली आहे का, वाळवीची माती चढलीय का, साल सुटलीय का, एखादी वाळकी फांदी वर नुसती अडकून बसलीय का. आग्या मोहोळ असेल तर धूर करायच्या भानगडीत पडू नका, काम रद्द. पाखराचं घरटं आणि त्यात पिल्लं असली तर महिनाभर थांबा. शेवगा आणि गुलमोहर यांच्यावर माझा अजिबात भरवसा नाही, वरून हिरवीगार दिसणारी फांदी काही न बोलता मोडते, त्यावर पाय ठेवायचा नाही आणि शिडीही टेकवायची नाही. कडुलिंब त्यामानाने दणकट. आणि हो, शहरात झाडाला हात लावायचा तर १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा आहे, महापालिकेच्या उद्यान विभागात अर्ज देऊन परवानगी घेऊन ठेवा म्हणजे नंतर कटकट नको.

आता खरा प्रश्न, शिडी लागतीय का? लांब दांड्याची करवत हार्डवेअरच्या दुकानात मिळते, दांडा वाढवता येतो, ती घेऊन जमिनीवर उभं राहून जेवढं निघतं तेवढं आधी काढा. बऱ्याच वेळा तेवढ्यावरच भागतं. शिडीवरून तोडायची फांदी माझ्या हिशोबानं मनगटाएवढी, फार तर दंडाएवढी, त्याच्यापुढं नाही. कारण साधं आहे, ६ इंच जाडीची १० फूट ओली फांदी म्हणजे नुसतं लाकूडच ५० किलोच्या घरात जातं, वर पाला वेगळा, आणि ते धूड तुमच्या शेजारून खाली जाणार असतं. जाड असेल तर झाडावर चढणारा, दोर-बेल्टवाला माणूस बोलवा, पैसे जातील पण हाडं राहतील.

सामान म्हणाल तर हातकरवत वाकड्या पात्याची, जी ओढताना कापते, कारण ढकलून कापणारी करवत तुम्हाला शिडीवरून मागं ढकलते. कोयता आणि कुऱ्हाड खालीच, घाव घालताना अख्खं अंग फिरतं आणि शिडीपण फिरते. चेनसॉला दोन्ही हात लागतात, मग शिडी धरणार कशानं, म्हणून चेनसॉ शिडीवर नेऊच नका, कोण कितीही एक्स्पर्ट असला तरी. साइटवरचं हेल्मेट हनुवटीच्या पट्ट्यासकट, गॉगल (भुसा सरळ डोळ्यात येतो), पकड असलेले हातमोजे, बूट. चप्पल आणि लुंगी नको. दोन दोर, एक शिडी बांधायला आणि दुसरा बारका, करवत वर ओढून घ्यायला, हातात करवत धरून चढायचं नाही. पाला ओढायला घरातली फाटकी सोलापुरी चादर काढून ठेवा, त्यात भरून ओढला की अंगण खराब होत नाही.

शिडी कुठं लावायची इथं लोक हमखास चुकतात. जी फांदी तोडायची तिच्यावरच शिडी टेकवतात! पुढचा भाग तुटून पडला की वजन कमी झाल्यानं उरलेला बुडखा झटक्यात वर उसळतो आणि शिडीचा टेकाच जातो. शिडी नेहमी बुंध्याला, आणि फांदी खाली येताना झोका घेईल ती बाजू सोडून. किती तिरकी? १२ फुटांवर टेकली तर पाय बुंध्यापासून ३ फूट लांब, म्हणजे उंचीच्या चौथा हिस्सा. पायाशी बोटं लावून ताठ उभं राहून हात समोर केले की तळवे पायरीवर आरामात बसले पाहिजेत. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळलेली असते आणि एखादी वळवाची सर पडून गेली की लोण्यागत मऊ होते, दोन्ही वेळा शिडीचा एक पाय आत जातो, म्हणून खाली जाड फळी टाका आणि सगळ्यात खालच्या पायरीवर चारदा नाचून बघा. खालचा माणूस शिडी दाबून धरतो तोवर चढून वरचा भाग बुंध्याला दोराने घट्ट बांधा. वरच्या ३ पायऱ्यांवर उभं राहायचं नाही. घोडा शिडी झाडाला नकोच, तिला चारही पायाला सपाट फरशी लागते.

शिडी बांधून झाली की खालच्या माणसाचं शिडीशी काम संपलं, आता त्यानं लांब व्हायचं, निदान फांदीच्या दीडपट लांब, आणि रस्त्यावरची पोरं, गाड्या, शेजारच्या काकूंची वाळवणं आधीच हलवून घ्यायची. मधेच खाली आलेली डहाळी उचलायला तो पळत येतो, तेव्हा वरून "थांब" आणि "ये" एवढे दोनच शब्द ठरवून ठेवा.

कापताना आधी खालून, बुंध्यापासून फूटभर लांब, जाडीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत. करवत आवळायला लागली की काढून घ्या. मग त्याच्या इंच-दोन इंच पुढं वरून. सरळ वरूनच कापत गेलात तर अर्धी कापलेली फांदी कड् आवाज करून लोंबते, सालीची लांब पट्टी बुंध्यावरून सोलत खाली येते आणि तुटलेलं टोक फिरून शिडीवर आदळतं. उरलेला खुंट शेवटी काढा, बुंध्याजवळचं फुगीर कडं सोडून, जखम तिथूनच भरते. अंग शिडीच्या दोन दांड्यांच्या मधेच ठेवा, हात पुरेना झाला तर वाकू नका, उतरा, शिडी सरकवा, परत बांधा. कंटाळा येतो, कबूल.

वेळ सकाळी साडेसहा ते नऊ. त्यानंतर ४२-४३ डिग्रीत हाताला घाम, डोळ्यापुढं अंधारी, आणि दुपारनंतर वळवाचा वारा सुटला तर कुठली फांदी कुठं जाईल काही सांगता येत नाही.

फोन खालच्या माणसाच्या खिशात, १०८ माहीत असलेला. १२ फुटांवरून पडलेला माणूस जमिनीवर येताना ताशी ३० किलोमीटरच्या आसपास असतो, म्हणून कोण पडलंच तर उठवून बसवणं, पाणी पाजणं, दोघांच्या मधे गाडीवर बसवून दवाखान्यात नेणं हे सगळं बंद, मान-पाठ हलू न देता जागेवरच ठेवा आणि ॲम्ब्युलन्स येऊ द्या.

काम झालं की करवत आधी दोरानं खाली, मग तुम्ही, आणि शिडीचा वरचा दोर सोडताना खालच्या माणसाला परत शिडी धरायला बोलवा. पाल्याचं बोलणं आदल्या दिवशीच करून ठेवा, शेळ्यावाले कडुलिंबाचा पाला आनंदानं नेतात, फांद्यांना मात्र गाडी सांगावी लागते, नाहीतर त्या आठवडाभर रस्त्यात पडून राहतात.