जुन्या गोव्यात शिरायचं ते वेशीतून

आम्ही डिचोलीचे. पाहुणे आले की दोन दिवस समुद्र आणि तिसऱ्या दिवशी जुनं गोवं, हा घरचा शिरस्ता. बहुतेक लोक पणजीहून गाडीने येतात, दोन चर्चं बघतात, फोटो काढतात आणि निघतात. म्हणजे शहरात शिरतात ते मागच्या दाराने. जुन्या गोव्याचं तोंड मांडवीकडे आहे, म्हणून मी पाहुण्यांना नदीवरूनच नेतो. तुम्हीही तसंच करा.

सकाळी लवकर नदीकाठचं नार्वे गाव गाठा. तिथला सप्तकोटेश्वर हे गोव्याच्या जुन्या कदंब राजांचं कुलदैवत. मूळ देऊळ समोरच्या दिवाडी बेटावर होतं. पोर्तुगिजांनी ते पाडलं आणि देव अलीकडे आला. १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी इथे जीर्णोद्धार केला, त्याचा शिलालेख देवळात आहे. दर्शन घेऊन फेरीबोटीने दिवाडी, आणि बेट ओलांडून दुसऱ्या फेरीने जुनं गोवं. गाडी चढवताना म्हाताऱ्या माणसांना आधी उतरवा, फळी निसरडी असते.

धक्क्यावरून चालत वर आलात की समोर व्हाइसरॉयची कमान. हीच शहराची वेस. कोट गेला, वेस तेवढी राहिली, आणि तीही १९५४ मध्ये पुन्हा उभारलेली. मूळची १५९९ ची, वास्को द गामाच्या पणतूने बांधवलेली. पणजोबांचा पुतळा नदीकडे तोंड करून वर बसवलाय, म्हणजे गलबतातून उतरणाऱ्याची पहिली नजर त्यांच्यावरच पडावी! नवा व्हाइसरॉय याच दारातून थाटात आत यायचा.

आत शिरल्यावर सगळे सरळ पुढे चालायला लागतात. तुम्ही डावीकडे सेंट कॅजेटनच्या आवारात वळा. चर्च रोमच्या सेंट पीटरच्या धर्तीवरचं आहे, पण मी नेतो ते बाजूच्या दारासाठी. काळ्या दगडाची नुसती चौकट उभी आहे, दोन्ही बाजूंना दगडी जाळीचे तुकडे, आणि मागे मोकळं गवत. आदिलशहाच्या वाड्याचं एवढंच उरलंय. १५१० मध्ये शहर घेतल्यावर पुढे पोर्तुगीज व्हाइसरॉयही त्याच वाड्यात राहिले. चौकटीजवळ जाऊन नक्षीवर बोट फिरवा, एखाद्या देवळाच्या दाराशी उभं असल्यासारखं वाटतं. माझी पुण्याची मावशी इथे पाच मिनिटं गप्प उभी होती. आमच्या मावशीला पाच मिनिटं म्हणजे फार झाली.

से कॅथेड्रलला एकच मनोरा का, हे पोरं विचारतातच. दुसरा १७७६ मध्ये कोसळला, पुन्हा बांधला नाही. शेजारचं पुरातत्त्व संग्रहालय शुक्रवारी बंद असतं. हे मला मावशीला नेऊन कुलूप दाखवल्यावर कळलं, आणि ती ते दर दिवाळीला फोनवर आठवण करून देते.

बॉम जिझस चर्चमध्ये खांदे-गुडघे झाकलेले कपडे हवेत, आणि रविवारी सकाळी प्रार्थना चालू असताना घुसू नका. उघडा जांभा दिसतो तो मुळातला नव्हे, गिलावा नंतर काढला. इथे ठेवलेलं संत फ्रान्सिस झेवियरचं शव दहा वर्षांनी एकदा खाली आणतात, मागचं दर्शन २०२४ च्या हिवाळ्यात झालं. एरवी मान वर करून चांदीची पेटी बघायची.

दुपारी उन्हात हिंडू नका, जांभा तापतो. बाजाराकडे भाजी-पाव आणि मिरची-भजी खा, सावलीत बसा.

साडेतीननंतर टेकडीवर सेंट ऑगस्टीन चर्चचे अवशेष. ४६ मीटरचा मोडका मनोरा बघायला बूट घाला, पावसाळ्यात तर शेवाळावरून हमखास घसरायला होतं. छप्पर १८४२ मध्ये कोसळलं, घंटा पणजीच्या चर्चमध्ये गेली. याच अवशेषांत जॉर्जियाच्या राणी केतेवानचं हाड सापडलं, २०२१ मध्ये भारताने ते जॉर्जियाला दिलं. जवळच रोझरी चर्चच्या कड्यावर बसलात तर खाली मांडवी आणि पलीकडे दिवाडी, सकाळी आलो ती सगळी वाट दिसते.

एक मात्र करा. नार्व्याची शेवटची फेरी किती वाजता, ते सकाळीच फेरीवाल्याला विचारून ठेवा. चुकली, तर बाणस्तारी, माशेल, आमोणे असा वळसा घालत घरी.