रावडी, रॉकस की बॉइस्टरस? दंग्यासाठी नेमका इंग्रजी शब्द कसा निवडायचा

डिक्शनरीत या सगळ्यांपुढे 'गोंगाट करणारा' असंच काहीतरी लिहिलेलं असतं आणि मग आपण कुठलाही उचलून कुठेही टाकतो. तसं करू नका, आधी बघा की लिहिणाऱ्याला राग आलाय की कौतुक वाटतंय.

कौतुक असेल तर बॉइस्टरस घ्या, म्हणजे आवाज भरपूर, उत्साह ओसंडून चाललाय पण मनात खोट नाही. पोरं सोफ्यावरून उड्या मारतायत, हसतायत, आई ओरडतेय पण तिलाही हसू येतंय, तिथे हाच किंवा रॅम्बंक्शस, हा जरा अमेरिकन आणि खेळकर. त्याच पोरांनी उशा सोडून एकमेकांच्या कॉलरी धरल्या की झालं रावडी, यात धसमुसळेपणा आणि मारामारीची शक्यता आली.

रॉकसचा सगळा जोर आवाजावर. मूळ लॅटिन रॉकुस म्हणजे घोगरा, त्यामुळे कर्कश हसणं, कावळ्याची कावकाव, कान किटवणारी पार्टी, सगळं यात बसतं.

अनरूलीला तर आवाज लागतच नाही! ऐकत नाही, आवरत नाही एवढंच, म्हणून कंगव्याला दाद न देणारे केसही अनरूली असतात, रावडी केस मात्र कोणी म्हणत नाही.

ऑब्स्ट्रेपरस म्हणजे आरडाओरडा करून विरोध करणारा, गप्प बस म्हटलं की जास्तच चढणारा. शब्द जड आहे, साध्या मेसेजमध्ये उगाच शायनिंग वाटते, जपून वापरा.