महागडे औषध आणि अमेरिकेतला विमा : निघण्यापूर्वी आणि पोहोचल्यावर

ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, क्रोन्स, सोरायसिस यांसारख्या आजारासाठी महागडी इंजेक्शने घेणाऱ्या आणि आता नोकरीनिमित्त किंवा लग्नानंतर अमेरिकेत येऊ घातलेल्या मंडळींना मी पहिली गोष्ट ही सांगते की, सामानाचे वजन करण्याआधी आपल्या डॉक्टरांची वेळ घ्या आणि आजवरच्या उपचारांचा तपशील देणारे पत्र त्यांच्याकडून लिहून घ्या. या पत्राची किंमत इथे आल्यावर कळते, आणि तेव्हा ते मिळवणे फार जिकिरीचे होते.

बहुतेकांच्या मनातली भीती मात्र वेगळीच असते. भारतात मेडिक्लेम घेताना जुन्या आजारासाठी प्रतीक्षाकाळ असतो (त्याची कमाल मर्यादा २०२४ मध्ये चार वर्षांवरून तीन वर्षांवर आली), त्यामुळे आपला आजार इथल्या विमा कंपनीला सांगावा की नाही, असा प्रश्न लोक दबक्या आवाजात विचारतात. नोकरीतून मिळणाऱ्या आरोग्यविम्यापुरती ही भीती अनाठायी आहे, कारण २०१० च्या कायद्यानुसार २०१४ पासून जुन्या आजाराच्या कारणाने विमा नाकारता येत नाही, की त्या आजाराचा खर्च वगळता येत नाही. विद्यार्थ्यांनी मात्र विद्यापीठाची योजना सोडून बाहेरची स्वस्त पॉलिसी घेण्यापूर्वी जुन्या आजारांविषयीचे कलम नीट वाचावे. भेटीला येणाऱ्या आईवडिलांच्या प्रवासी विम्यात तर जुन्या आजाराची नेहमीची औषधे सहसा धरलेलीच नसतात, म्हणून त्यांची औषधे त्यांच्यासोबतच यायला हवीत.

आजार विम्यात बसला म्हणजे औषधही बसले, असे मात्र नाही. प्रत्येक योजनेची औषधांची एक यादी असते, तिला फॉर्म्युलरी म्हणतात. बायोलॉजिक, म्हणजे सजीव पेशींपासून बनवलेली इंजेक्शने या यादीत असली तरी सर्वांत महागड्या, म्हणजे स्पेशालिटी गटात असतात, आणि ती मिळण्यापूर्वी विमा कंपनीची पूर्वपरवानगी, म्हणजे प्रायर ऑथरायझेशन लागते. त्यातच स्टेप थेरपी नावाची अट असते : आधी स्वस्त औषध ठरावीक काळ घ्या, त्याचा उपयोग झाला नाही हे दाखवा, मग महागडे मागा. आर्थ्रायटिसच्या बाबतीत ते पहिले औषध बहुधा मेथोट्रेक्सेट असते आणि मुदत बहुधा तीन महिन्यांची.

मी २०१६ मध्ये न्यू जर्सीत आले तेव्हा मेथोट्रेक्सेटची दीड वर्षे कधीच मागे पडली होती आणि अ‍ॅडॅलिम्युमॅबच्या भारतीय बायोसिमिलरवर, म्हणजे मूळ बायोलॉजिकशी मिळत्याजुळत्या स्वस्त आवृत्तीवर, माझे बरे चालले होते. इथल्या ऱ्हुमॅटॉलॉजिस्टने, म्हणजे संधिवाततज्ज्ञाने, अर्ज पाठवला आणि आठवड्याभरात नकाराचे पत्र आले : मेथोट्रेक्सेट तीन महिने घेतल्याची नोंद आढळत नाही. मी पुण्याहून आणलेली फाइल उघडून बसले. पहिल्या कागदावर डॉक्टरांच्या अक्षरात औषधांची नावे होती, तीही ब्रँडची, आणि त्यानंतरच्या जवळजवळ प्रत्येक कागदावर तारीख, वजन, रक्तदाब आणि त्याखाली तीन अक्षरे होती : सीएसटी. 'कंटिन्यू सेम ट्रीटमेंट'. आपल्याकडच्या कोणत्याही केमिस्टला ती पुरेशी असतात. हजारो मैलांवर बसून अर्ज तपासणाऱ्या माणसाला त्यातून कोणते औषध, किती मिलिग्रॅम आणि किती महिने, यांतले काहीच कळत नाही. फोलिट्रॅक्स म्हणजे मेथोट्रेक्सेट हेही त्याला ठाऊक असण्याचे कारण नाही.

माझी सुटका वडिलांच्या झेरॉक्स काढण्याच्या सवयीने केली, जिची आम्ही घरात वर्षानुवर्षे थट्टा करत आलो होतो. ऑफिसात वैद्यकीय खर्चाची बिले जमा करण्याआधी त्यांनी प्रत्येक बिलाची प्रत काढून ठेवली होती. मेडिकलच्या त्या फिकट बिलांवर तारीख होती, औषधाची मात्रा होती, गोळ्यांची संख्या होती. त्यांच्या आधाराने पुण्याच्या डॉक्टरांनी नवे पत्र दिले, इथल्या डॉक्टरांनी ते अपिलासोबत फॅक्स केले (इथले वैद्यकीय जग अजून फॅक्सवर चालते, याचे आश्चर्य वाटून घेऊ नये) आणि मंजुरी आली. यात सात आठवडे गेले, आणि त्यांतले शेवटचे तीन मी बरणीचे झाकण उघडण्यासाठी नवऱ्याला हाक मारत काढले.

म्हणून पत्रात काय असावे ते नीट सांगते. निदान कोणत्या महिन्यात झाले ते, आणि शक्य असल्यास त्याचा आयसीडी-१० (आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीतला) संकेतांक असावा. निदानाचा आधार असलेल्या तपासण्या, म्हणजे आर्थ्रायटिससाठी ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर, अँटी-सीसीपी, ईएसआर आणि सीआरपी, तारखांसह असाव्यात. त्यानंतर घेतलेले प्रत्येक औषध मूळ नावाने, मात्रेसह, सुरू केल्याच्या आणि थांबवल्याच्या तारखेसह, आणि का थांबवले त्या कारणासह लिहिलेले असावे. 'उपयोग झाला नाही' आणि 'यकृताची एन्झाइम्स वाढल्यामुळे थांबवले' ही दोन वेगळी कारणे आहेत आणि दोन्ही चालतात, परंतु कारणच लिहिलेले नसेल तर तुम्ही ते औषध घेतलेच नाही असे धरले जाण्याची शक्यता असते. पत्र छापील, इंग्रजीत, लेटरहेडवर आणि सहीशिक्क्यासह घ्यावे.

आपल्या लोकांसाठी टीबीच्या तपासणीचा आणखी एक अडसर आहे. बायोलॉजिक सुरू करण्यापूर्वी सुप्त क्षयरोग नाही ना, हे पाहावे लागते आणि अर्जात त्याचा अलीकडचा निकाल मागतात. लहानपणी बीसीजी घेतलेल्या आपल्यासारख्यांची हातावरची त्वचा-चाचणी त्या लशीमुळेही पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून रक्तावरची आयजीआरए चाचणी आवर्जून मागावी. तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. तीही पॉझिटिव्ह आली तर घाबरू नये. पुढील तपासणीनंतर सुप्त टीबीवरची गोळ्यांची मात्रा देतात आणि साधारणपणे ती सुरू होऊन महिना झाल्यावर बायोलॉजिकला परवानगी मिळते, मात्र तेवढा काळ हिशेबात धरावा लागतो.

योजना निवडण्याची संधी नोकरी लागल्यावर बहुतेक कंपन्यांत ३० दिवसांची असते आणि मागाहून आलेल्या जोडीदाराचे नाव घालण्याची मुदतही बहुधा तेवढीच असते. ती चुकली तर वर्षअखेरच्या ओपन एन्रोलमेंटपर्यंत थांबावे लागते. निवड करताना सहकारी सांगतील की सर्वांत कमी हप्त्याची योजना घ्या. त्यांचे त्यांच्यापुरते बरोबर आहे, कारण ते वर्षातून एकदा सर्दीसाठी डॉक्टरांकडे जातात. महिन्याला सहा-सात हजार डॉलर छापील किमतीचे इंजेक्शन घेणाऱ्या माणसाने मात्र बारा महिन्यांचा हप्ता आणि आउट-ऑफ-पॉकेट मॅक्सिमम, म्हणजे वर्षभरात स्वतःच्या खिशातून जास्तीत जास्त भरावी लागणारी रक्कम, यांची बेरीज करावी. समजा, एका योजनेचा हप्ता महिना १२० डॉलर आणि मर्यादा ८,००० आहे, तर दुसरीचा हप्ता ३०० आणि मर्यादा ३,००० आहे. पहिलीचा वर्षाचा खर्च ९,४४० पर्यंत जातो, दुसरीचा ६,६०० च्या पुढे जात नाही. एका व्यक्तीसाठी ही मर्यादा कायद्यानेच बांधलेली आहे. २०२५ साठी ती ९,२०० डॉलर होती. योजना निवडण्यापूर्वी तिच्या फॉर्म्युलरीत आपले औषध नेमक्या कोणत्या नावाने आहे तेही पाहावे, कारण यादी बदलत राहते : २०२४ च्या १ एप्रिलपासून विमा योजनांच्या औषधयाद्या सांभाळणाऱ्या सीव्हीएस केअरमार्कने आपल्या प्रमुख याद्यांतून ह्युमिरा (अ‍ॅडॅलिम्युमॅबचा मूळ ब्रँड) काढून त्याची बायोसिमिलर ठेवली. भारतात बायोसिमिलर घेतलेल्यांना यात बिचकण्यासारखे काही नाही.

औषध बनवणाऱ्या कंपन्या को-पे, म्हणजे बिलातला रुग्णाचा वाटा, भरायला मदत करणारे को-पे कार्ड देतात, ते संकोच न करता मागावे. खासगी विमा असलेल्यांना ते बहुधा मिळते आणि उत्पन्नाची चौकशी सहसा होत नाही. मात्र काही योजनांत कार्डावरून भरलेले पैसे तुमच्या वार्षिक मर्यादेत मोजले जात नाहीत. त्याला को-पे अ‍ॅक्युम्युलेटर म्हणतात. जानेवारीपासून शून्य किंवा पाच डॉलर भरणाऱ्याला मे महिन्यात कार्डाची रक्कम संपल्यावर अचानक हजारोंचे बिल येते ते यामुळे. आपल्या योजनेत हा प्रकार आहे का, हे फोन करून याच शब्दांत विचारावे, आणि उत्तर देणाऱ्याचे नाव, तारीख व कॉलचा संदर्भ क्रमांक वहीत लिहून ठेवावा.

नकार आलाच तर पत्र फेकू नये आणि इथल्या डॉक्टरांवर रागावूही नये. नकाराचे कारण पत्रात लिहिणे कंपनीवर बंधनकारक असते आणि अपिलासाठी १८० दिवस मिळतात. औषध अजून सुरू झालेले नसेल तर निर्णय ३० दिवसांत, आणि डॉक्टरांनी तातडीचे म्हटले तर ७२ तासांत द्यावा लागतो. त्याआधी तुमच्या डॉक्टरांनी विमा कंपनीच्या डॉक्टरशी फोनवर बोलण्याचा एक मार्ग असतो, त्याला पीअर-टू-पीअर म्हणतात. पुष्कळ प्रकरणे तिथेच मिटतात, म्हणून त्याची आठवण आपणच करून द्यावी. कंपनीने अपीलही फेटाळले तर चार महिन्यांच्या आत बाहेरच्या स्वतंत्र तपासणीसाठी अर्ज करता येतो आणि तिचा निर्णय कंपनीला मानावा लागतो. स्टेप थेरपीवर मर्यादा घालणारे कायदे अनेक राज्यांनी केले आहेत, परंतु मोठ्या कंपन्या पुष्कळदा दाव्यांचे पैसे स्वतःच भरतात आणि विमा कंपनी नुसता कारभार पाहते. अशा योजनांना राज्याचे हे कायदे लागू होत नाहीत. तिथे एचआरमधल्या बेनिफिट्स पाहणाऱ्या व्यक्तीला भेटावे, कारण अंतिम अधिकार नोकरी देणाऱ्या कंपनीचा असतो.

या सगळ्याला वेळ लागतो, म्हणून निघताना साधारण तीन महिन्यांचा साठा मूळ खोक्यात आणि प्रिस्क्रिप्शनसह आणावा. ९० दिवसांहून जास्त औषध आणण्याचा विचार करू नये. इंजेक्शनची पेन २ ते ८ अंशांत ठेवायची असतात, त्यामुळे ती आइसपॅकसह केबिनच्या बॅगेतच असावीत. सामानाच्या कक्षात गोठलेले पेन निकामी होते आणि वरून पाहता तसे ओळखूही येत नाही. पोहोचल्याच्या पहिल्याच आठवड्यात ऱ्हुमॅटॉलॉजिस्टची वेळ मागावी, कारण नव्या रुग्णाला ती दोन-तीन महिन्यांनंतरची मिळणे नेहमीचे आहे.

मंजुरी मिळाल्यावर ती कोणत्या तारखेपर्यंत आहे हे पत्रातून शोधून काढावे. ती बहुधा सहा किंवा बारा महिन्यांची असते आणि तिच्या नूतनीकरणाची आठवण कोणी करून देईलच असे नाही. मी त्या तारखेच्या सहा आठवडे आधीची खूण कालनिर्णयावर करते. नोकरी बदलली तर सारे पहिल्यापासून सुरू होते, तेव्हा जुना विमा संपण्यापूर्वी एक रीफिल घेऊन ठेवावे. औषध गल्लीतल्या दुकानात मिळत नाही, स्पेशालिटी फार्मसीतून थंड पेटीत घरी येते, आणि बहुधा कोणीतरी सही करून ते घ्यावे लागते; त्या दिवशी घरी कोणी नसेल तर पेटी ऑफिसच्या पत्त्यावर मागवावी आणि स्वागतकक्षाला आदल्या दिवशीच सांगून ठेवावे.